हॅदरली कोर्टमधली घोडी

"हिला सगळं कळतं. त्यामुळे हिच्यासमोर हिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही," जोन म्हणाली आणि लगाम माझ्या हातात दिला.

सकाळचे सात वाजले होते. इंग्लंडमधल्या हॅदरली कोर्ट या जुन्या घराच्या मागच्या अंगाला पागेचं फरसबंद अंगण होतं. तिथे आम्ही दोघी आणि ब्रॅम्बल नावाची एक तपकिरी घोडी, एवढ्याच होतो. जोन त्या पागेची प्रमुख. पंचावन्न-छप्पन्न वर्षांची, खांद्यानं रुंद, केस पुरुषासारखे कापलेले. तिचं खेड्यातलं इंग्रजी पहिले दोन दिवस मला अर्धंच कळायचं, तिसऱ्या दिवसापासून कानाला सवय झाली.

"तोंड नाजूक आहे तिचं," एका हातानं खरारा करत ती सांगत होती. "लगाम ओढायचा नाही, नुसती बोटं मिटायची. थांबते. टाच मारायची नाही, पुढे वाकलं की निघते."

मग तिनं आणखीही सांगितलं. मी ऐकलं आणि मान हलवली.

"तूच बसणार ना?" तिनं विचारलं.

"मीच. आमची नायिका फक्त उभ्या घोडीवर बसेल, जवळच्या शॉटपुरती."

"मग मला काळजी नाही," जोन म्हणाली.

याला आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावीसची होते. वडील लष्करात दफेदार, घोडे शिकवायचं काम. नगरच्या छावणीत मी चालायला आणि घोड्यावर बसायला साधारण एकदमच शिकले. पुढे सिनेमात नायिकांच्या जागी घोड्यावर बसायचं काम मिळालं. पाच वर्षांत अकरा सिनेमे केले. एकाही सिनेमात माझं तोंड दिसत नाही. त्याचं मला वाईट वाटत नसे. निदान मी तसं सगळ्यांना सांगत असे.

हा सिनेमा एका संस्थानच्या दिवाणाच्या मुलीचा होता. इंग्रज पालकाच्या घरी शिकायला पाठवलेली मुलगी. सगळा सिनेमाभर तिला झगे घालून बसवतात, आणि शेवटी ती नऊवारी नेसून, घोडीवर मांड टाकून, घराच्या दारातल्या त्या मोठ्या रस्त्यावरून भरधाव येते आणि पालकासमोर थांबून सांगते की मी निघाले. दिग्दर्शक रणदिवे सरांनी मला गोष्ट ऐकवली तेव्हाच म्हणाले होते, "कुंदा, शेवटचा शॉट तुझा. लांबून घेऊ, पण शेवटी घोडी थांबते तेव्हा तुझा चेहरा आला तरी चालेल मला. तीन सेकंद येऊ दे. कोण ओळखतंय?"

तीन महिने मी त्या शॉटवर जगले. नऊवारी नेसून भरधाव घोडा हाकायचा म्हणजे कासोटा कसा घट्ट हवा, पदर कुठे खोचायचा, सगळं फलटणला मामांच्या घोड्यावर करून पाहिलं. कोणाला सांगितलं नाही, पण आईला एवढं म्हटलं होतं की या वेळी बघायला ये.

हॅदरली कोर्ट हे तीनशे वर्षांचं घर. घर कसलं, एखादं कॉलेज वाटावं. पिवळट दगडाचं, समोर खिडक्यांच्या तीन रांगा. खिडक्या मोजायला लागलं की मध्येच चूक व्हायची. मालकीणबाई म्हातारी, ती मागच्या तीन खोल्यांत राहायची आणि कोणाला दिसायची नाही. बाकीचं घर शनिवार-रविवारी तिकीट काढून लोकांना बघायला उघडं, आणि आठवड्यात सिनेमावाल्यांना. आत जाताना बुटांवर कापडी पिशव्या चढवायच्या, भिंतीला खिळा मारायचा नाही, कुठल्याच खुर्चीवर बसायचं नाही. आमच्या लोकांना सारखं वाटायचं की आपण काहीतरी मोडणार. पाच दिवस सगळे अंग चोरून वावरत होते. बाहेर बागेतही मोकळं वाटत नसे. गवतावर पाऊल ठेवलं की कोणीतरी लांबून बघतंय असं वाटायचं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच बीच झाडांवर कावळे दिवसभर कलकलाट करायचे.

हे सगळं सांभाळायला फेल्प्स नावाचे व्यवस्थापक होते. उंच, सभ्य, हळू बोलणारे. रोज सकाळी दारातली खडी दाताळ्यानं सारखी करून घ्यायचे, आणि आमच्या गाड्या आल्या की तिच्याकडे बघत उभे राहायचे.

नायिका होती शाल्मली. पुण्याची, चोविशीची, नाटकातून आलेली. मी आणि ती एकाच खोलीत राहत होतो. नायिकेनं असं राहायचं नसतं, पण तिला एकटीला झोप यायची नाही. रोज सकाळी उठून मला चहा करून द्यायची. मला "कुंदाताई" म्हणायची. घोड्यावर बसायला मीच तिला शिकवलं होतं, दोन महिने, खडकवासल्याच्या पुढे एका फार्मवर. पहिल्या दिवशी रडली, आठव्या दिवशी हसली, विसाव्या दिवशी मी लगाम सोडून दिला तरी तिला कळलं नाही. शिकवायला मिळालेल्या सगळ्यांत ती चांगली होती. हेही सांगायला हवं.

त्या दिवशी, शेवटच्या शॉटच्या दिवशी, अकरा वाजता मी नऊवारी नेसून तयार झाले. हिरवी, काठाला लाल. शाल्मलीही तशीच नेसून तयार होती, उभ्या घोडीवरच्या शॉटसाठी. तिचा तो शॉट झाला. मी घोडीजवळ गेले.

"कुंदा, जरा इकडे," रणदिवे सर म्हणाले.

ते मला झाडाखाली घेऊन गेले. चष्मा काढून पुसायला लागले. चष्मा पुसत बोलायचं म्हणजे काहीतरी अवघड असणार हे मला माहीत होतं.

"शाल्मली म्हणतेय की ती करेल."

"काय करेल?"

"सगळंच. शेवटचं. दौडत येणं, थांबणं. एका शॉटमध्ये. बघ ना, एका शॉटमध्ये खरी नायिकाच भरधाव आली आणि तिचाच चेहरा थेट समोर आला, तर केवढा फरक पडतो."

"भरधाव ती कधी गेली नाहीये, सर."

"तू शिकवलंयस की. काल दुडक्या चालीनं चार फेऱ्या मारल्यान. मी बघितल्या."

मी पदराचं टोक पुन्हा खोचलं.

"तुला वाईट वाटलं का?"

"नाही, सर."

"घोडीबद्दल काय ते तिला नीट समजावून सांग. घोड्यांचं सगळं तुझ्यावर आहे. तू हो म्हणालीस तरच करायचं. तुला वाटतं ती करेल?"

मी वळून शाल्मलीकडे पाहिलं. ती ब्रॅम्बलच्या मानेला गाल लावून उभी होती.

"करेल," मी म्हणाले.

मी तिच्याजवळ गेले. तिनं माझा हात धरला.

"रागावलात ना कुंदाताई? मी सरांना म्हटलं, पण आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. रात्रभर मनात होतं माझ्या. धीर झाला नाही."

"रागवायचं काय त्यात?"

"मग सांगा. काय काय लक्षात ठेवू?"

मी सांगितलं. तोंड नाजूक आहे, लगाम ओढू नकोस, बोटं मिट. टाच मारू नकोस, पुढे वाक. वजन मागे टाकलंस की ती हळू होईल. गुडघे घट्ट. नजर घराच्या दारावर ठेव, जमिनीकडे बघू नकोस.

"आणखी?"

"बस, एवढंच."

ती घोडीला घेऊन रस्त्याच्या टोकाला निघाली. अर्धा मैल तरी असेल. मी घराच्या पायऱ्यांपाशी, कॅमेऱ्याच्या उजवीकडे थांबले. नऊवारी अंगावर तशीच होती, वर कोणाचा तरी स्वेटर चढवला. काय करावं सुचेना. उभी राहिले, बसले, पुन्हा उठले. खडीवर चार पावलं टाकली तर फेल्प्सनी माझ्या पायांकडे बघितलं, म्हणून गवताच्या कडेला गेले. वारा सुटला होता. ऊन एकदम कडक पडायचं आणि एकदम जायचं.

पायऱ्यांच्या डाव्या बाजूला लाइटवाली मुलं पांढरा पडदा उभा करत होती. शेवटी घोडी थांबते तिथे शाल्मलीच्या चेहऱ्यावर उन्हाचा कडकपणा येऊ नये म्हणून. बारा फुटांची चौकट, तिच्यावर ताणलेलं कापड. वाऱ्यानं एक कोपरा सारखा सुटायचा. एकानं शिडीवर चढून तो दोरीनं बांधला, वाळूच्या पिशव्या पायांशी टाकल्या. कोपरा पुन्हा सुटला. त्यानं पुन्हा बांधला. दहा-बारा मिनिटं हे चाललं होतं आणि मी ते बघत होते. पाणी मागितलं, प्यायलं नाही.

वॉकीटॉकीवर आवाज आला, मॅडम तयार आहेत.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

ती निघाली तेव्हा लांबून हिरवा ठिपका दिसला. मग टापा ऐकू आल्या. दोन्ही बाजूंच्या झाडांमधून ती येत होती, आणि मी शिकवलं होतं तश्शी येत होती. पाठ सरळ, हात खाली, नजर दारावर. कॅमेऱ्यामागे कोणीतरी "वा" म्हणालं. ती झाडांच्या सावलीतून उजेडात आली, खडीवर आली, मागे झुकली. घोडी हळू व्हायला लागली. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि पडद्याचा सुटलेला कोपरा फाडकन वाजला.

ब्रॅम्बल बुजली. जागच्या जागी उजवीकडे गर्रकन फिरली, पुढचे पाय उचलले, आणि पळाली. शाल्मली डावीकडे फेकली गेली, पण तिचा डावा पाय रिकिबीत अडकला होता. खोगीर फिरलं. घोडी तिला खडीवरून ओढत नेत होती.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. मी आडवी गेले एवढं खरं. लगाम हाताला लागला तेव्हा बोटं मिटली, ओढला नाही. घोडी वीसेक पावलांवर थांबली. थरथरत होती. मी एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं रिकीब सोडवली.

शाल्मली शुद्धीवर होती. तिचा पाय मांडीपाशी जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. अँब्युलन्स येईपर्यंत ती माझा हात धरून होती. स्ट्रेचरवर घेताना म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून." मग डोळे मिटले.

सरांनी मला मिठी मारली. कॅमेरामन माझ्या पाया पडायला वाकला. मी पायऱ्यांच्या मागे जाऊन उलटी केली. सगळ्यांना वाटलं, धक्क्यानं.

संध्याकाळी पाच वाजता फेल्प्सनी आम्हाला त्यांच्या ऑफिसात बोलावलं. जुन्या स्वयंपाकघराशेजारची ती खोली होती, भिंतीवर तिथे झालेल्या सिनेमांचे फोटो. मी, रणदिवे सर आणि जोन. जोननं टोपी हातात धरली होती. हॉस्पिटलमधून निरोप आला होता की मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, ऑपरेशन चालू आहे.

"विमा कंपनीचा माणूस परवा येईल," फेल्प्स म्हणाले. "तो विचारेल की घोडीत दोष होता का, आणि असेल तर आम्ही तुम्हाला सांगितला होता का. जोन?"

"तिला डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही," जोन म्हणाली. "पांढरं कापड फडफडलं की वेडी होते. तीन वर्षांपूर्वी कपडे वाळत घातलेली दोरी तिच्यावर पडली होती. हे मी या मुलीला सकाळी सात वाजता अंगणात सांगितलं. डाव्या बाजूला पांढरं काही हलता कामा नये. दोनदा सांगितलं."

फेल्प्स माझ्याकडे वळले. "यांनी तुम्हाला हे सांगितलं होतं?"

सर माझ्याकडे बघत होते. आदल्याच तासाला त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं होतं की ही पोरगी नसती तर आज आपण शाल्मलीच्या आईला काय तोंड दाखवलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "घोडी कशी थांबते, कशी निघते, एवढंच सांगितलं. डोळ्याचं काही बोलल्या नाहीत."

जोननं सांगितलं होतं. दोनदा. दुसऱ्या वेळी खरारा थांबवून, माझ्या डोळ्यांत बघून.

मला वाटलं होतं जोन ओरडेल. मला नीट बघून घ्यावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि फेल्प्सना म्हणाली, "घोडीला अजून पाणी दाखवायचंय." आणि गेली.

"एकोणीस वर्षं आहे ती इथे," फेल्प्स हळूच म्हणाले. "पागेवरचं घर तिला कामाबरोबरच मिळालंय. ते दोन्ही आता सोडावं लागेल तिला. आणि घोडी उद्या सकाळी जाईल. इथे ठेवता येणार नाही."

"कुठे जाईल?" मी विचारलं.

"एक माणूस आहे. तो नेतो अशी जनावरं."

घोड्यांत वाढलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

ती रात्र मी शाल्मलीच्या रिकाम्या पलंगाकडे पाठ करून काढली. पहाटे चारलाच तिकडे उजाडतं. मी उठून बाहेर पडले. तळ्याला एक फेरी मारली, दुसरी मारली. चपला दवानं ओल्या झाल्या. मनात एकच चाललं होतं. परवा आम्ही घरी जाणार, विमानात बसलं की संपलं. इथे मला कोण ओळखतं. जोनला दुसरीकडे काम मिळेल, चांगल्या माणसाला मिळतंच. घोडी चौदा वर्षांची आहे, किती दिवस जगणार होती. असं एकामागून एक. प्रत्येक वाक्य मी पुरं करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. त्याच वाटेवर एक माळी मला तीनदा भेटला. तिसऱ्या वेळी त्यानं विचारलं, काही हरवलंय का.

साडेसातला पागेच्या अंगणात गाडी आली. मागे घोडा न्यायची लाकडी पेटी जोडलेली. मी झाडाआडून बघत होते. ड्रायव्हरनं फळी खाली टाकली. जोननं ब्रॅम्बलला बाहेर आणलं. रोजच्यासारखाच तिला खरारा केलेला होता, आयाळ विंचरलेली होती. कुठे चाललीय हे माहीत असून तिनं त्या सकाळी तिला खरारा केला होता.

घोडी फळीपाशी थांबली. ड्रायव्हरनं मागून हाकललं. जोन म्हणाली, "हात लावू नकोस," आणि स्वतः फळीवर उलटी चढली, घोडीकडे तोंड करून, तिच्याशी काहीतरी बोलत. घोडीनं एक पाय फळीवर ठेवला.

मी पळत सुटले. पागेकडे नाही, घराकडे. फेल्प्स दारातली खडी बघत उभे होते, सर त्यांच्याशी बोलत होते. मी खडी तुडवत त्यांच्यासमोर गेले.

"गाडी थांबवा," मी म्हणाले. "जोननं मला सांगितलं होतं. डोळ्याचं, कापडाचं, सगळं. मी कोणाला सांगितलं नाही."

फेल्प्सनी काही विचारलं नाही. ते लगेच पागेकडे चालायला लागले, लांब लांब टांगा टाकत.

सर तिथेच राहिले. "कुंदा," ते मराठीत म्हणाले, "तू काय बोलतेयस कळतंय का तुला? विसरलीस असं म्हण. माणूस विसरतो. गडबडीत राहून गेलं असं म्हण."

"विसरले नव्हते, सर."

"मग?"

"तो पडदा बांधत होते तेव्हा मी बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हाही माझ्या मनात तेच होतं."

"पण का?"

"तिनं घाबरावं असं वाटलं. घोडी जरा बुजावी, तिनं खाली उतरून म्हणावं, मला नाही जमत, कुंदाताईंना सांगा. एवढंच. पडेल असं वाटलं नव्हतं."

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मग म्हणाले, "तिला तू सांगायचं. मी सांगणार नाही."

मी पागेत गेले. पेटीची फळी अजून खालीच होती, आणि ब्रॅम्बल आत. फेल्प्स ड्रायव्हरशी बोलत होते. जोन बाहेर भिंतीला टेकून उभी होती. मला बघून सरळ झाली.

"माफ करा," मी म्हणाले.

ती पेटीत गेली, दोर सोडून आणला आणि माझ्या हातात दिला.

"मागे सरकताना ती डावीकडे झुकते," ती म्हणाली. "डावीकडे उभी राहा आणि बोलत राहा, म्हणजे तिला कळेल तिथे कोण आहे."

मी घोडीला बाहेर काढलं. जोननं दोर परत घेतला आणि तिला पागेत घेऊन गेली. मला माफ केलं असं काही ती म्हणाली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. जोनचं काम राहिलं. चार वर्षांनी तिचं एक कार्ड आलं, दोन ओळींचं: ब्रॅम्बल गेली, कुरणात गेली, पावसात उभी राहायची तिला आवड होती. खाली नुसतं नाव. तो सिनेमा पुढच्या वर्षी लागला. शेवटचा शॉट पुन्हा घेताच आला नाही. सरांनी शेवटी दोन्ही बाजूंच्या झाडांमधला रिकामा रस्ता दाखवला. मला सिनेमात पुन्हा काम मिळालं नाही, मी मागितलंही नाही. फलटणजवळ माझी छोटी पागा आहे, मुलांना शिकवते. शिकवताना घोड्याचे सगळे दोष आधी सांगते. मुलं कंटाळतात. सांगून झाल्याशिवाय कोणाला वर चढू देत नाही.

पण सांगायचं राहिलं ते ब्रॅम्बलला पेटीतून बाहेर काढलं त्याच दिवशी दुपारचं.

हॉस्पिटल जवळच्या शहरात होतं. शाल्मलीचा पाय वर टांगलेला होता, चेहऱ्याच्या एका बाजूला खडीनं खरचटलेलं. मला बघून हसली. उशाशी कुणीतरी फुलं ठेवली होती. तिनं नर्सला इंग्रजीत सांगितलं, "हीच ती, जिच्यामुळे मी वाचले." नर्सनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि खुर्ची ओढून दिली.

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. सकाळचं अंगण, जोन काय म्हणाली, पडदा, दहा मिनिटं, सरांकडे बघून हलवलेली मान. का, तेही सांगितलं. तीन सेकंदांचं सांगताना मला माझीच लाज वाटली, इतकं ते लहान होतं.

मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "हे कोणाला माहीत होतं?"

"मला आणि जोनला."

"जोनचं कोणी ऐकलं नसतं."

"नसतं ऐकलं."

"म्हणजे तुम्ही बोलला नसतात तर मला कधीच कळलं नसतं. मी जन्मभर सगळ्यांना सांगत राहिले असते, कुंदाताईंनी मला वाचवलं."

"हो."

तिनं छताकडे बघत विचारलं, "मग का बोललात? सकाळी काय झालं?"

मी गाडीचं सांगितलं. फळीवर ठेवलेला पाय, विंचरलेली आयाळ, जोन कशी उलटी चढली ते.

"म्हणजे त्या बाईसाठी," शाल्मली म्हणाली. "आणि घोडीसाठी."

मी तिच्या टांगलेल्या पायाकडे बघितलं.

"काल अँब्युलन्स येईपर्यंत मी तुमचा हात धरला होता. त्यानंतर आख्खी रात्र गेली." तिचा आवाज अगदी साधा होता, रोज सकाळी चहाला साखर किती विचारायची तसा. "माझ्यासाठी नाही बोललात तुम्ही."

खोटं बोलायला ती एक चांगली वेळ होती. एक शब्द पुरला असता, आणि तो ऐकायची तिची तयारी होती, हे मला दिसत होतं.

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मग हात लांब करून उशाशी असलेली घंटी दाबली, आणि नर्स आली तेव्हा तिला म्हणाली की या बाईंना बाहेरचा रस्ता दाखवा, त्या इथे नवीन आहेत.